वाचकांचे प्रश्न: ऑलिव्हिया कोलमन आणि अंधेरीची ऑडिशन

गेल्या अंकात इंग्लिश अभिनेत्री ऑलिव्हिया कोलमन यांच्यावर एक छोटं टिपण छापलं होतं. त्यावर पत्रं आली ती दोन तऱ्हांची. काहींना त्यांच्या कामाबद्दल आणखी माहिती हवी आहे. काहींचा सरळ सवाल आहे की यातलं मुंबईत काय करता येईल. दोन्ही इथे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न (दादर): ‘द क्राउन’ या राणी एलिझाबेथवरच्या मालिकेमुळे या बाईंचं नाव कळलं. पंचेचाळिसाव्या वर्षी एकदम ऑस्कर कसं काय मिळालं? त्याआधी त्या काय करत होत्या?

एकदम काहीच झालेलं नाही. कोलमन यांचा जन्म ३० जानेवारी १९७४चा, इंग्लंडच्या नॉरफकमधल्या नॉरिचचा. केंब्रिजच्या होमर्टन कॉलेजात त्या प्राथमिक शिक्षिका व्हायला गेल्या होत्या. ते शिक्षण एका सत्रात सुटलं, पण तिथल्या ‘फुटलाइट्स’ या विद्यार्थ्यांच्या नाट्यमंडळात डेव्हिड मिचेल आणि रॉबर्ट वेब हे दोघे भेटले. पुढे ब्रिस्टल ओल्ड व्हिक थिएटर स्कूलमधून १९९९मध्ये त्या बाहेर पडल्या. सुरुवातीला पोटापाण्यासाठी लोकांच्या घरची साफसफाईही केली.

आता धागा बघा. मिचेल-वेबबरोबर २०००मध्ये बीबीसीवर ‘ब्रूझर’ हा विनोदी कार्यक्रम. त्याच दोघांबरोबर २००३पासून चॅनल फोरवर ‘पीप शो’, त्यात सोफीची भूमिका. २००६पासून पुन्हा त्यांच्याच प्रहसनांच्या कार्यक्रमात. म्हणजे कॉलेजच्या ग्रुपनेच पहिली कित्येक वर्षं काम दिलं. २००७मध्ये ‘हॉट फझ’ या चित्रपटात छोटी भूमिका होती. त्याच चित्रपटात नट म्हणून पॅडी कॉन्सिडाइनही होता. त्याच वर्षी कॉन्सिडाइनने स्वतः एक लघुपट दिग्दर्शित केला, ‘डॉग ऑल्टुगेदर’, आणि त्यात कोलमन होत्या. त्याच गोष्टीचा पुढे मोठा चित्रपट झाला, २०११चा ‘टिरॅनोसॉर’. नवऱ्याचा मार खाणारी, देवभोळी, धर्मादाय दुकान चालवणारी हॅना. विनोदी नटी म्हणून ठाऊक असलेल्या बाईचं हे काम बघून इंग्लंडमधले लोक चपापले.

ग्रीक दिग्दर्शक योर्गोस लॅन्थिमॉस यांचंही तसंच. २०१५च्या ‘द लॉबस्टर’मध्ये हॉटेलची व्यवस्थापक, भूमिका मोजकीच. पुढे त्यांनीच ‘द फेव्हरिट’साठी (२०१८) राणी ॲनची भूमिका दिली आणि २४ फेब्रुवारी २०१९ला त्यावर सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ज्यांच्याकडे चार दिवसांचं काम केलं त्यांनीच पुढे चाळीस दिवसांचं दिलं, असा हा सगळा हिशेब आहे. एकांकिकेच्या ग्रुपमधून व्यावसायिक नाटकात आणि तिथून मालिकेत गेलेल्या दादर-परळच्या नटमंडळींना हे नवं वाटणार नाही.

प्रश्न (गिरगाव): त्यांचं खरं नाव सारा आहे असं वाचलं. नाव का बदललं? माझ्या मुलीचं नाव आणि आडनाव दोन्ही फार प्रचलित आहे. तिनेही बदलावं का?

खरं नाव सारा कॅरोलाइन कोलमन. ब्रिटनमधली नटांची संघटना ‘इक्विटी’ एकाच नावाच्या दोन सभासदांना नोंदवून घेत नाही. सारा कोलमन आधीच होती, म्हणून ऑलिव्हिया. एवढंच कारण, त्यात अंकशास्त्र नाही.

मुलीचं नाव बदलायचंच असेल तर पहिलं काम मिळण्याआधी बदला. आधी ते नाव इंटरनेटवर आणि इन्स्टाग्रामवर शोधून बघा. त्याच नावाची आणखी एखादी नटी निघाली तर श्रेयनामावल्या एकमेकींच्या खात्यावर जमा होतात आणि त्या सुटता सुटत नाहीत. रोमन लिपीतलं स्पेलिंग एकदा ठरवा आणि बदलू नका. अर्धी कामं एका स्पेलिंगने आणि अर्धी दुसऱ्या, असं झालं की कास्टिंगवाल्याला निम्मंच काम दिसतं. मात्र करारनामा, बिल, पॅन आणि बँक खातं यांवर कायदेशीर नावच हवं. करारात ‘अमुक, व्यावसायिक नाव तमुक’ असं एका ओळीत लिहून घ्यावं. हे राहिलं की चेक पडद्यावरच्या नावाने निघतो आणि बँक परत पाठवते.

प्रश्न (डोंबिवली): मला मराठी वाहिनीवरच्या मालिकेसाठी विचारलंय. आई म्हणते, मालिकेत अडकलीस की सिनेमा गेला. पण कोलमन तर मालिकांमधूनच आल्या ना?

आल्या, पण ‘मालिका’ म्हणून तुम्ही जे समजताय ते नव्हे. ‘पीप शो’ बारा वर्षं चालला, २००३ ते २०१५. त्यात नऊ सीझन, प्रत्येकी सहा भाग. सगळे मिळून ५४ भाग. आठवड्याला सहा भाग दाखवणारी आपली मराठी मालिका ५४ भाग नऊ आठवड्यांत संपवते. ‘ब्रॉडचर्च’ या पोलिसी मालिकेचे २०१३, २०१५ आणि २०१७ असे तीन सीझन मिळून २४ भाग. म्हणजे एका सीझनचं चित्रीकरण उरकलं की वर्षाचे उरलेले महिने मोकळे. त्या मोकळ्या महिन्यांत कोलमन यांनी काय काय केलं ते बघा: ‘पीप शो’ सुरू असतानाच ‘हॉट फझ’, ‘टिरॅनोसॉर’, ‘रेव्ह’मधली पाद्र्याची बायको, ऑलिम्पिकच्या आयोजकांवरची ‘ट्वेंटी ट्वेल्व्ह’ आणि ‘द आयर्न लेडी’मधली मार्गारेट थॅचर यांची मुलगी. हातात मालिका असूनही चेहरा एकाच भूमिकेला चिकटला नाही, कारण प्रेक्षकाला तो रोज संध्याकाळी दिसत नव्हता.

आपल्याकडे दैनंदिन मालिकेत मुख्य भूमिका म्हणजे महिन्याचे वीस-पंचवीस दिवस, बारा तासांची शिफ्ट, त्यावर डोंबिवली ते सेटचा प्रवास. सेट मीरा रोडला, नायगावला, घोडबंदरला किंवा गोरेगावच्या चित्रनगरीत. त्यात नाटकाचा शनिवार-रविवारचा प्रयोग बसवणं शक्य असतं, चित्रपटाचे सलग तीस दिवस बसवणं जवळजवळ अशक्य. म्हणून आईंचं म्हणणं चुकीचं नाही. फक्त उपाय ‘मालिका नको’ हा नसून ‘करार नीट वाच’ हा आहे. पैसा, सराव आणि कॅमेऱ्यापुढची भीड चेपणं, या तिन्ही गोष्टी मालिका देते. प्रहसनं आणि घरगुती विनोदी मालिका करत कोलमन यांनी हेच कमावलं.

करारात चार ठिकाणी पेन्सिलने खूण करा. पहिलं, फक्त आमच्याच वाहिनीसाठी काम करायचं असं बंधन आहे का, आणि मालिका संपल्यावर ते किती महिने लागू राहतं. बंधन हवंच असेल तर नाटक आणि चित्रपट त्यातून वगळून मागा. नाटकाला बहुतेक जण आढेवेढे घेत नाहीत. दुसरं, महिन्याला किमान किती दिवसांचे पैसे धरलेत. हा आकडा नसेल तर कथानक दुसऱ्या पात्राकडे वळलं की तुम्ही घरी आणि बंधन तसंच. तिसरं, सोडायचं असेल तर किती दिवसांची नोटीस. ती दोन्ही बाजूंना सारखी असावी. चौथं, पैसे कधी. या धंद्यात ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत रुळलेली आहे, म्हणजे जूनमध्ये केलेल्या कामाचे सप्टेंबर उलटल्यावर. पहिले तीन-चार महिने घरखर्च आणि रिक्षा खिशातून जाणार हे धरूनच ‘हो’ म्हणा. दहा टक्के टीडीएस कापला जातो. तो तुमच्या पॅनवर खरंच जमा झालाय का हे आयकराच्या पोर्टलवर दर तिमाहीला बघा.

प्रश्न (परळ): त्यांचं काम अभ्यास म्हणून बघायचं तर कुठून सुरुवात करावी?

‘द क्राउन’पासून नको. तिथे पोशाख, राजवाडा आणि आधीच्या सीझनमध्ये राणी झालेल्या क्लेअर फॉय यांच्याशी होणारी तुलना यांतच लक्ष जातं. आधी ‘पीप शो’चे दोन-तीन भाग. तिथे कॅमेरा पात्राच्या डोळ्यांच्या जागी असतो, त्यामुळे समोरचा नट थेट लेन्सकडे बघून बोलतो. नेहमी जे करू नये असं शिकवतात, तेच तिथे रोजचं काम होतं. लेन्सकडे बघूनही डोळ्यांत समोर माणूस असल्यासारखा भाव कसा ठेवलाय ते पाहा.

मग ‘ब्रॉडचर्च’चा पहिला सीझन, आठही भाग क्रमाने. शेवटच्या भागात पोलीस ठाण्याच्या खोलीत एली मिलरला, म्हणजे कोलमन यांच्या पात्राला, एक बातमी कळते. काय ते सांगत नाही. ती आधी ठामपणे नाकारते, समोरच्याचीच काहीतरी चूक झाली अशी. बळ जातं ते नंतर. हौशी स्पर्धेत हा प्रसंग केला तर नव्वद टक्के मुली पहिल्या वाक्यालाच रडायला लागतील.

त्यानंतर ‘द फेव्हरिट’. त्यात नाचाचा एक प्रसंग आहे. राणी चाकाच्या खुर्चीत बसून आपल्या लाडक्या सखीला दुसऱ्याबरोबर नाचताना बघते. कॅमेरा नाच सोडून राणीच्या चेहऱ्यावर येतो आणि तिथेच थांबतो. कौतुकाचं हसू असतं. ते ओठांवर तसंच राहतं आणि डोळे आधी बदलतात. मग जबडा. मग हसू गळून पडतं आणि ती नाच थांबवायला लावते. तोवर एकही वाक्य नाही. आवाज बंद करून एकदा बघा, मग आवाजासकट. या चित्रपटाआधी नटांनी तीन आठवडे तालमी केल्या होत्या आणि त्यात संवादांपेक्षा अंगाचे खेळच जास्त होते. भूमिकेसाठी कोलमन यांनी सुमारे सोळा किलो वजन वाढवलं, त्याची चर्चा फार झाली. आमच्या मते त्या चित्रपटात पाहण्यासारखं ते नाही, हा क्लोजअप आहे.

शेवटी ‘द फादर’ (२०२०). अँथनी हॉपकिन्स यांच्या समोर, स्मृती हरवत चाललेल्या बापाची मुलगी. सगळी टाळ्यांची वाक्यं त्यांना आणि कोलमन यांना नुसतं ऐकायचं काम. त्यावरही ऑस्करचं नामांकन आलं.

सबटायटल्स पहिल्या वेळी लावा, दुसऱ्या वेळी काढा. उच्चारांची नक्कल करत बसू नका. वाक्यात श्वास कुठे घेतलाय तेवढं टिपून ठेवा.

प्रश्न (विलेपार्ले): ‘द क्राउन’मध्ये खऱ्या राणीचे डोळे निळे आणि यांचे तपकिरी. एवढ्या खर्चाच्या मालिकेत लेन्स का लावल्या नाहीत? आणि राणी कधीच रडत नाही, ते कसं साधलं?

लेन्स लावून बघितल्या होत्या. पण मुखवट्याआडून अभिनय चाललाय असं दिसायला लागलं. संगणकावर रंग बदलूनही पाहिला, तेही जमेना. शेवटी डोळे तपकिरीच ठेवले. प्रेक्षक पाच मिनिटांत विसरतो. ऐतिहासिक मालिकेत लेन्स, खोटी नाकं आणि जाड मिशा यांचा सोस असणाऱ्या आपल्या मंडळींनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

रडण्याचं म्हणाल तर तो किस्सा कोलमन यांनीच सांगितलेला आहे. १९६६मध्ये वेल्समधल्या ॲबरफॅन गावात खाणीच्या राडारोड्याचा डोंगर शाळेवर कोसळला, त्यावर तिसऱ्या सीझनमध्ये एक भाग आहे. राणी संयमी, पण नटीच्या डोळ्यांना पटकन पाणी येतं. मग कानात छोटं इअरपीस घालून त्यावर बीबीसी रेडिओचं जहाजांसाठीचं हवामानवृत्त लावलं. वाऱ्याची दिशा, समुद्राची स्थिती, एका सुरात. कान तिकडे गुंतवला की डोळे कोरडे राहतात. तुमच्याकडे इअरपीस नसेल तर प्रसंगाआधी सतराचा पाढा उलटा म्हणण्याचा उपाय करून बघा. डोक्याला कोरडं काम देणं हेच त्यामागचं तत्त्व.

प्रश्न (कल्याण): सेल्फ-टेप, म्हणजे घरीच चित्रित केलेली ऑडिशन, मागतात. तीन पाठवल्या, उत्तर नाही. घर एका खोलीचं, बाजूला रेल्वे. काय चुकत असेल?

न पाहता सांगणं कठीण, पण घरातून येणाऱ्या टेपमध्ये चुका ठरलेल्याच असतात. उजेड, आवाज, नजर. अभिनयाची पाळी त्यांच्यानंतर येते.

उजेड: डोक्यावरची ट्यूब बंद करा. वरून आलेल्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणीत सावली पडते, आणि डोळे दिसले नाहीत तर टेप वाया. खिडकीकडे तोंड करून उभ्या राहा, खिडकी पाठीमागे नको. रात्रीच करायचं असेल तर दोन एलईडी दिवे, चेहऱ्यापेक्षा थोडे वर, उजव्या-डाव्या बाजूला, समोर ट्रेसिंग पेपर लावून. चित्रात काळे पट्टे वर-खाली सरकत असतील तर ती वीज आणि फोन यांची चुकामूक आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेम्सवर असतो. फोनच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० करा, नाहीतर २५ फ्रेम्सवर घ्या, पट्टे जातात.

आवाज: पंखा बंद, फ्रीजचं बटण बंद (नंतर आठवणीने चालू करा). मागे आणि बाजूला गोधड्या किंवा जाड चादरी टांगल्या की खोलीचा घुमटपणा कमी होतो. लोकलचं तुम्हाला वेळापत्रक पाठच असेल. दोन गाड्यांच्या मधली चार मिनिटं गाठा. शेजारचा कुकर मात्र कुणाच्या हातात नसतो, म्हणून सकाळी आठ ते दहा टाळा.

फ्रेम: फोन आडवा, स्टँडवर, लेन्स तुमच्या डोळ्यांच्या उंचीला. छातीपासून वर, डोक्यावर चार बोटं जागा. भिंतीपासून तीन फूट पुढे उभ्या राहा, म्हणजे सावली मागे पडत नाही. भिंत फिकी, कॅलेंडर आणि देव्हारा चौकटीबाहेर. कपडे एकरंगी, बारीक चौकडी आणि रेघा कॅमेऱ्यात नाचतात.

नजर: समोरचे संवाद वाचणारी व्यक्ती लेन्सला खेटून, वीतभर अंतरावर बसवा. ती खोलीच्या टोकाला बसली तर तुमचा फक्त कान दिसतो. ती फोनच्या जवळ असते म्हणून तिने हळू बोलायचं, नाहीतर तिचाच आवाज मोठा येतो. आणि तिने अभिनय करायचा नाही, सपाट वाचायचं.

ओळख वेगळ्या फाइलमध्ये: नाव, वय, उंची, राहण्याचं ठिकाण, येणाऱ्या भाषा, मग डावी-उजवी बाजू आणि हात. वीस-पंचवीस सेकंद पुरे. प्रसंगाचे दोनच टेक पाठवा, आणि ते खरोखर वेगळे असावेत. पार्श्वसंगीत, फिल्टर, नावाची ॲनिमेशन काही नको. फाइलला ‘फायनल १’ असं नाव न देता तुमचं नाव, भूमिकेचं नाव आणि टेक क्रमांक द्या. वरसोव्याच्या आराम नगरमध्ये बसलेल्या कास्टिंगवाल्याच्या साहाय्यकाकडे दिवसाला ढिगाने फाइली येतात. त्यात ‘फायनल १’ कुणाची हे तो शोधत बसत नाही.

एवढं सगळं बरोबर असूनही उत्तर आलं नाही तर समजा की उत्तर ‘नाही’ आहे. फोन करून विचारू नका. पुढच्या भूमिकेला हाच साहाय्यक तुमचं नाव शोधणार असतो.

प्रश्न (मुलुंड): बँकेतून निवृत्त झाले. वय ५८. जूडी डेंच साठीत जेम्स बाँडपटात आल्या म्हणतात. आता सुरुवात करता येईल?

‘गोल्डनआय’ १९९५चा, तेव्हा डेंच साठीच्या होत्या, हे खरं. पण १९५७पासून त्या रंगभूमीवर होत्या, ओफिलियापासून. आणि टीव्हीवरच्या विनोदी मालिकांनी घरोघरी पोचलेल्या. ‘शेक्सपिअर इन लव्ह’मध्ये त्या जेमतेम आठ मिनिटं दिसतात आणि त्यावर ऑस्कर मिळालं, पण त्या आठ मिनिटांमागे चाळीस वर्षं आहेत. ते उदाहरण सुरुवात करणाऱ्याच्या कामाचं नाही.

तरीही तुम्हाला काम मिळू शकतं, कारण जाहिरातींना आणि मालिकांना आजी, सासू, मुख्याध्यापिका, न्यायाधीश, शेजारीण कायम लागतात. केस पांढरे असतील तर रंगवू नका. तेच तुमचं भांडवल. तीन फोटो काढा: समोरून, बाजूने, पूर्ण उंचीचा, एक साडीत, एक पंजाबी ड्रेसमध्ये चालेल, मेकअप नाही. हजारो रुपयांचा पोर्टफोलिओ करून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. नोंदणी शुल्क, कार्ड शुल्क, ‘निवड झाली, पोशाखाचे पैसे भरा’ असं कुणी म्हणालं की तिथेच थांबा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. काम मिळवून देणारा कोऑर्डिनेटर आपलं कमिशन तुम्हाला मिळालेल्या मानधनातून घेतो, आधी नाही.

प्रश्न (ठाणे): मुलीला बारावीनंतर इंग्लंडच्या नाट्यशाळेत जायचंय. खर्च झेपेल का?

परदेशी विद्यार्थ्यांची फी स्थानिकांपेक्षा बरीच जास्त असते. त्यावर लंडन किंवा ब्रिस्टलचं राहणं. पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा. प्रवेश ऑडिशनवर: साधारण एक अभिजात आणि एक आधुनिक स्वगत, प्रत्येकी दोनेक मिनिटांचं. आधी दिल्लीचं एनएसडी (राष्ट्रीय नाट्य विद्यालय), मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातली ॲकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आणि पुण्याचं ललित कला केंद्र बघा. पदवीनंतरच जायचं असेल तर उत्तम. तोवर एकांकिका स्पर्धांत तिचा स्वतःचा ग्रुप झालेला असेल. दरम्यान, लंडनच्या नॅशनल थिएटरच्या नाटकांचं चित्रीकरण नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये दाखवतात, त्याची तिकिटं फीपेक्षा स्वस्त पडतात.

प्रश्न (बोरिवली): बाफ्टा, एमी, गोल्डन ग्लोब, ऑस्कर, कोलमन यांच्याकडे यातलं काय काय आहे?

चारही. बाफ्टा या ब्रिटिश पुरस्कारांचे टीव्ही आणि चित्रपट असे दोन वेगळे सोहळे असतात, गोंधळ तिथे होतो. टीव्हीचे २०१३मध्ये एकाच रात्री दोन: ‘अक्यूज्ड’साठी साहाय्यक अभिनेत्रीचा आणि ‘ट्वेंटी ट्वेल्व्ह’साठी विनोदी कामाचा. २०१४ला ‘ब्रॉडचर्च’साठी मुख्य अभिनेत्रीचा. चित्रपटाचा २०१९ला ‘द फेव्हरिट’वर. एमी २०२१ला ‘द क्राउन’वर. गोल्डन ग्लोब तीन: ‘द नाइट मॅनेजर’, ‘द फेव्हरिट’, ‘द क्राउन’. यातली ‘द नाइट मॅनेजर’ची भूमिका मूळ कादंबरीत पुरुषाची आहे. मालिकेत ती बाईची केली, आणि चित्रीकरणाच्या वेळी कोलमन गरोदर होत्या तर पात्रही गरोदर दाखवलं. आपल्याकडे अशा वेळी पात्र काशीयात्रेला पाठवतात.

प्रश्न (माहीम): त्यांना ‘डेम ऑलिव्हिया’ म्हणावं का?

नाही. २०१९मध्ये त्यांना सीबीई हा ब्रिटिश सरकारी सन्मान मिळाला. ‘डेम’ हा किताब त्याच्या वरचा. जूडी डेंच यांना तो १९८८मध्ये मिळाला, मॅगी स्मिथ यांना १९९०मध्ये. कोलमन यांच्याबद्दल लिहिताना नुसतं नाव पुरे.